आपलं झाड चुकू नका

४ मार्च, बेश-बदाम

बुरुल एसेनाली-किझी यांस,

टण्ण. आणि मग बराच वेळ नुसती थरथर.

शाळेच्या अंगणात जर्दाळूच्या झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा तुम्हाला आठवत असेल. मी पहिलीत असताना आमचे आगाय, गुरुजी, त्यावर लोखंडी खुंटी मारायचे, आणि आम्ही वर्गात पळायचं सोडून कान टवकारून उभे राहायचो, कारण खरी गंमत पुढे असायची. वरचा डोंगर तो आवाज घ्यायचा, जरा घोळवायचा आणि परत द्यायचा. आगाय म्हणायचे, "बघा, डोंगर अजून पहिलीतच आहे. आपण म्हणू ते मागून म्हणतो." कवितेचं वेड मला तिथेच लागलं असावं. पुस्तकातल्या कविता पुढे आल्या. यमक मात्र मला आधी डोंगराने शिकवलं.

पत्र कामाचं आहे म्हणून 'तुम्ही' लिहितो आहे. सरकारी खात्यातल्या माणसाला तसंच लिहायचं असतं.

मी पुन्हा वर्गावर उभा राहतो, हे तुमच्यापर्यंत आलं नसेल. पहिलीच्या बाई बाळंतपणाला माहेरी गेल्या आणि दुसरं कुणी या दरीत यायला तयार होईना, तेव्हा ओरोझबायने मला घरातून उठवून नेलं. तो आता गावचा प्रमुख आहे. म्हणाला, "आगाय, तुम्ही नुसते खुर्चीत बसा, पोरं आपोआप शिकतील." आपोआप कुणी काही शिकत नाही, हे त्याला तरी ठाऊक असायला हवं होतं. त्याला मीच शिकवलं आहे.

माझी रीत जुनीच. अलिप्पेचं, अक्षरओळखीच्या पुस्तकाचं, पान उघडायच्या आधी त्या अक्षराला एक अख्खा दिवस द्यायचा. 'न'च्या दिवशी आम्ही नान भाजले. प्रत्येकाने कणकेचं अक्षर वळलं, बुबुसारा आजीच्या तंदुरात लावलं, आणि निघाल्यावर ज्याने त्याने आपलं अक्षर खाल्लं. बेकबोल नावाचा एक मुलगा आहे, तो सगळी अक्षरं उलटी काढायचा. त्याच्यापुढे मी त्याचंच अक्षर उलटं ठेवलं. तो दचकलाच. "आगाय, भाकरी पालथी ठेवत नाहीत, पाप लागतं." म्हटलं, मग अक्षरही पालथं ठेवू नये. त्या दिवसापासून त्याचं एक अक्षर उलटं आलेलं नाही.

मग 'ज'चा दिवस झाला. घरून 'ज'ची वस्तू आणायची. टेबलावर जंगाकांचा ढीग पडला, अर्धा वर्ग अक्रोडच घेऊन आला होता. एकाने उकडलेलं जुमुर्त्का, अंडं, आणलं आणि तास संपायच्या आत सालं माझ्या खिशात ठेवून दिली. उमसुनाय तेवढी रिकाम्या हाताने आली. ती बुबुसारा आजीची नात. आईबाप रशियात कामाला आहेत.

"तुझी वस्तू कुठे?"

"ती आणता येत नाही, आगाय. तिच्याकडे जावं लागतं."

"असं काय आहे बाई?"

"जराका. मोठी भेग. गाईला चरायला नेते ना मी, तिथे आहे."

मुलं हसली, मीही हसलो. असो, मुलांचं बोलणं.

आता कामाचं. शेजारच्या खोऱ्यातल्या एका शिक्षकाने मला विचारलं आहे, आणि तुमचं खातं डोंगर आणि दरडींचंच असल्यामुळे मी ते तुमच्याकडे पाठवतो. डोंगराच्या उतारावर गवतात भेग असेल आणि तिच्यात हात कोपरापर्यंत जात असेल, तर ती जुनी समजायची की नवी? गुरांच्या पायांनी अशी भेग पडते का? उत्तराची घाई नाही.

रुळाचा आवाज आता डोंगरावरून परत येत नाही. माझे कान गेले असतील.

एसेनाली, शिक्षक

१३ मार्च

बुरुल,

शेजारच्या खोऱ्यात असा कुणी शिक्षक नाही. तुला ते वाचतानाच कळलं असेल. लहानपणी मी गोष्ट सांगताना पदरचं काही घातलं की तू डोळे बारीक करायचीस, तसे आत्ताही केले असशील.

भेग आपल्याच डोंगराला आहे. 'ज'च्या दुसऱ्याच दिवशी मी उमसुनायबरोबर वर गेलो होतो. पोरगी पुढे टणाटण उड्या मारत, मी मागे काठी टेकत. वर पोचल्यावर ती गवतात पालथी पडली आणि खांद्यापर्यंत हात आत घालून म्हणाली, "बघा, आतून गार वारा येतो." मी तिला मागे ओढलं, आणि इतक्या जोरात की ती रडायला लागली. मग मलाच तिच्याजवळ बसावं लागलं. का बसलो ते तिला कळू नये म्हणून म्हटलं, जरा गवताचा वास घेऊ.

डोळे पुसत ती म्हणाली, "बर्फ पडायच्या आधी मी हिच्यावरून उडी मारायचे. आता नाही मारता येत."

बुरुल, मी त्या भेगेच्या कडेकडेने चालत गेलो. ती शाळेच्या बरोबर वर आहे, हे तर तिथे उभं राहिल्यावर कुणालाही दिसेल. पुढे ती वळते आणि कबरस्तानाच्या वरच्या अंगाने जाते. तुझ्या आईच्या उशाशी. कुलीपाला झोपेत कुणी पांघरूण ओढलेलं चालायचं नाही. मी तिथे बसलो. तिला आवडायची ती वसंताची कविता म्हटली, आणि मधल्या दोन ओळी विसरलो.

खाली येऊन ओरोझबायकडे गेलो. तू त्याला पाहिलंस तेव्हा तो काठीसारखा होता. आता खुर्ची त्याला पुरत नाही. त्याने मला चहा ओतला, निम्मा पेला, म्हणजे मान दिला. आणि सगळं ऐकून घेतलं.

"आगाय, एक विचारू? ही भेग तुम्हाला कधीपासून दिसायला लागली?"

"परवापासून."

"आणि तुमच्या लेकीला कितीतरी वर्षांपूर्वी दिसली होती. तेव्हा भर सभेत कोण उभं राहिलं होतं? 'डोंगर चालत नसतात. चालतात त्या घर सोडून गेलेल्या पोरी.' सगळं गाव हसलं होतं. मी पण हसलो होतो. मला पाठ आहे ते, तुमच्या कवितांसारखं."

त्या सभेबद्दल मी या पत्रात काही लिहिणार नाही.

मी म्हटलं, "शाळा बंद कर निदान पावसाळी दिवसांत."

तो हसला नाही, हे मी त्याच्या बाजूने सांगतो. म्हणाला, "अलिप्पेचा सण येतोय. वरून माणसं येणार, पोरांना अक्षरांच्या वेषात बघणार, फोटो काढणार. अशा वेळी मी सांगू की शाळेवर डोंगर येतोय? ते शाळेला कुलूप लावतील. आणि या दरीत एकदा लागलेलं कुलूप पुन्हा निघेल का? पोरं जातील खाली, मागून आज्या-आजोबा जातील. मग मी प्रमुख कशाचा, दगडांचा?"

मी पेला ठेवून उठलो. दगडांवर माझाही जीव आहे.

तुझा फोन नंबर माझ्याकडे नाही. ओरोझबायकडे असेल, जुन्या सरकारी कागदावर. पण त्याच्याकडे तुझा नंबर मागायचा म्हणजे काय, ते तू समजू शकतेस. म्हणून पत्र. गावातला साली आपली गाडी घेऊन ओश शहराला जातो, त्याच्याबरोबर पाठवतो आहे.

भेगेत गार वारा येतो, याचा अर्थ काय होतो तेवढं कळव.

तुझा बाप

२३ मार्च

बुरुल,

नोरूझचा सण झाला. तुझं पत्र नाही. रस्ता खराब आहे, साली म्हणतो टपालाला वेळ लागतो. मी त्याच्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं आहे.

मी एक खेळ काढला आहे. कुणाला त्याचं खरं कारण सांगितलेलं नाही, फक्त तुला सांगतो.

सणासाठी मी मुलांना अक्षरं वाटून दिली आहेत. पुठ्ठ्याची, रंगवलेली, दोरीने गळ्यात अडकवायची. मुलं कमी आणि अक्षरं जास्त, म्हणून काहींच्या गळ्यात दोन दोन. उमसुनायच्या गळ्यात एकच, 'न'नंतर आणि 'ओ'च्या आधी येणारं 'ङ'. आपल्या भाषेत या अक्षराने एकही शब्द सुरू होत नाही, म्हणून दर वर्षी ते कुणालाच नको असतं, आणि दर वर्षी मुलं भांडतात. या वर्षी भांडण झालं नाही. उमसुनाय म्हणाली, "मला द्या. ते मधेच कुठेतरी असतं, कुणाला दिसत नाही. लपाछपीत बरं."

तर खेळ असा. ओढ्यापलीकडे, उंचावर, कातळावर ती बदामाची झाडं आहेत ना, जिथे उन्हाळ्यात मधमाश्यांच्या पेट्या ठेवतात. तिथे प्रत्येक झाडाला मी एकेक अक्षर बांधलं. मी रूळ वाजवला की हातातलं असेल ते टाकायचं, फळ्यांच्या पुलावरून ओढा ओलांडायचा आणि आपापल्या अक्षराच्या झाडाखाली जाऊन उभं राहायचं. मग मी खालून क्रमाने अक्षरं म्हणत वर येतो, आणि जो तो आपलं अक्षर आलं की ओरडतो. एकही ओरड चुकली नाही तर सगळ्यांना मनुका. गाणंही रचलं आहे, हसू नकोस:

टोल वाजला टण टण टण,
दप्तर टाका, सोडा अंगण,
मागे वळून पाहू नका,
आपलं झाड चुकू नका.

तो कातळ मी का निवडला, हे तू विचारशील. त्या सभेत तू हात लांब करून म्हणाली होतीस, "पलीकडे खडक आहे, घरं तिथे बांधा." तुझं बोट मला अजून दिसतं. तेव्हा मी बोटाकडे पाहिलं, खडकाकडे नाही.

मुलं आता सुरेख पळतात. पहिल्या दिवशी निम्मी पुलावर बसून पाण्यात दगड टाकत होती. आता माझा हात रुळापासून खाली यायच्या आत वर्ग रिकामा होतो. आपलं अक्षर तर त्यांना असं पाठ झालं आहे की झोपेतही चुकणार नाहीत. शेजारच्याचंही ओळखतात, कारण वाटेत तेच झाड लागतं. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याला सणाचं वेड लागलं आहे. बुबुसारा कुंपणावरून रोज बघते. ती वरच्या आळीत, शाळेच्या अंगाला राहते. गुडघे गेलेत तिचे. खाटेपासून तंदुरापर्यंत जाते, त्यापुढे नाही.

"काय रे एसेनाली, पोरांना पळायला शिकवतोस. म्हाताऱ्यांना कोण शिकवणार?"

"तुम्ही पळून कुठे जाणार, आजीबाई? तुमच्यामागे लागणारे सगळे मेले."

ती इतकी हसली की दाढेला हात लावून बसली. मीही हसलो, आणि घरी येईपर्यंत माझ्या पाठीला घाम होता.

शाळेचं दार हल्ली नीट लागत नाही. उंबऱ्याला घासतं. सुताराने रंधा मारून दिला, चार दिवस बरं होतं, पुन्हा घासायला लागलं. दार फुगलं असेल, थंडीने फुगतं.

पप्पा

५ एप्रिल

बुरुल, बाळ,

मला भीती वाटते. हे लिहून टाकलं, आता पुढचं सोपं जाईल.

पाऊस थांबत नाही. जोराचा नाही, असा बारीक, चिवट, मातीला आतपर्यंत भिजवत जाणारा. आपल्या झऱ्याचं पाणी गढूळ झालं आहे. ज्या झऱ्याचं पाणी तू पत्र्याच्या डब्यात घेऊन उन्हाला धरायचीस आणि "तळ दिसतो, तळ दिसतो" म्हणायचीस, तोच. काल त्यात दुधासारखी माती आली. शाळेच्या मागच्या भिंतीलगत, जिथे कधी ओल नव्हती, तिथे पाणी झिरपतं. मुलांनी त्याला नाव ठेवलं आहे, 'नवा ओढा', आणि त्यात कागदाच्या होड्या सोडतात. कबरस्तानातला एक दगड वाकला आहे. कुलीपाचा नाही. तिच्या शेजारचा.

मी जागच्या जागी बसतो आणि ऐकतो. वर्गात मुलं बाराखडीसारखी एका सुरात 'स'चे शब्द म्हणत असतात, आणि मी त्यांच्या आवाजाच्या मागे दुसरा आवाज शोधतो. एखादा बाक सरकला तरी माझा हात खुंटीकडे जातो. परवा एलनुराच्या हातून पाटी पडली आणि मी रूळ वाजवला. पावसात. सगळी मुलं पळाली, भिजून चिंब झाली, त्यांच्या आज्या मला बोलल्या ते मी लिहीत नाही. "सणाच्या आधी पोरांना न्युमोनिया करून ठेव," त्यातलं सगळ्यात सौम्य होतं.

तेव्हा मी त्यांना सांगू शकलो असतो. सगळ्या अंगणात उभ्या होत्या, ओल्या मुलांना पुसत. तोंड उघडलंही. मग वाटलं, या सगळ्या त्या सभेत होत्या. त्या म्हणतील, डोंगर कधीपासून चालायला लागले? आणि मी म्हटलं, "उद्यापासून कोरड्या दिवशी खेळू."

आता अडचण अशी झाली आहे. गावात ज्याला त्याला वाटतं की रूळ म्हणजे आगायचा खेळ. मी वाजवला तर मुलं पळतील. मोठी माणसं पळणार नाहीत. चुलीवरचं भांडंसुद्धा उतरवणार नाहीत. हे मला आज दुपारी कळलं, आणि तेव्हापासून मी काही खाल्लेलं नाही.

सण दहा तारखेला आहे. मुकुट तयार आहेत, पुठ्ठे ओलीने वाकलेत. निरोपाची कविता बेकबोल म्हणणार आहे, माझीच आहे: "निघतो आम्ही, अलिप्पे माई, तुझ्या अंगणी पुन्हा यायला नाही." रचताना गोड वाटली होती. आता ती ओळ आली की मी खिडकीकडे बघतो.

तुझ्या खात्याला काही करता येत असेल तर कर. मला उत्तर लिहू नकोस, मला नको आहे उत्तर. ओरोझबायला सांग. तो तुझं ऐकेल, कारण तो तुला घाबरतो. मला कुणी घाबरत नाही, मी यमकं जुळवतो.

सालीची गाडी उभी आहे. तो आज थेट राजधानीला जातोय, तुझ्या दारात हे पत्र टाकेल असं म्हणाला आहे. तू बरोबर होतीस की नव्हतीस याबद्दल मी काही म्हणत नाही. ये असंही म्हणत नाही, रस्ता धोक्याचा आहे.

पप्पा

९ एप्रिल, दुपार. कातळावरच्या मधमाशीवाल्याच्या खोलीतून

बुरुल,

अक्षर लागलं नाही तर समजून घे. मला बाहेर जाऊ देत नाहीत, म्हणून लिहितो. काहीतरी हातात हवं.

डोंगर आला.

सकाळी पाऊस थांबला होता, ऊन पडलं होतं. मुलं गळ्यात अक्षरं घालून उद्याची तालीम करत होती. बेकबोल "निघतो आम्ही" पर्यंत आला आणि दार आपोआप करकरलं. कुणी हात लावला नव्हता. चौकट वाकत होती, मी पाहिली. खिडकीतून जर्दाळूचं झाड दिसत होतं, ते हळूच, मान कलती करावी तसं कललं, आणि त्याला टांगलेला रूळ कुणी न मारता वाजला. एकदाच. बारीक.

मी बाहेर कसा आलो ते आठवत नाही. मी वाजवत होतो, एवढं आठवतं. झाड कललेलं, मी खुंटीने मारतोय, आणि मुलं गाणं म्हणत पळताहेत. म्हणत, बुरुल. त्यांना तो खेळच होता. "मागे वळून पाहू नका" असं म्हणत ती पुलावरून गेली आणि मी त्यांच्या मागून गेलो. मी मात्र वळून पाहिलं. वरची सगळी हिरवळ एका तुकड्यात खाली येत होती, गवत उभं, वर चरणाऱ्या एका गाईसकट, आणि काही क्षण आवाजच नव्हता. मग आला. तो मी लिहीत नाही.

शाळा नाही. वरची आळी नाही. कबरस्तान नाही. तुझी आई त्या मातीखाली गेली. ती आधीही मातीखालीच होती, असं मी स्वतःला समजावतो आहे.

कातळ हलला नाही. मी खालून अक्षरं म्हणत वर आलो, रोजच्यासारखा, कारण दुसरं काही मला येत नव्हतं. अ ला ओरड आली, ब ला आली. बेकबोलने आपली दोन्ही सांगितली. ल, म, न. मग मी 'ङ' म्हटलं.

पुन्हा म्हटलं.

पुढच्या 'ओ'वाली एलनुरा माझ्याकडे बघायला लागली, आपण बोलायचं की थांबायचं तिला कळेना. मी तिसऱ्यांदा म्हटलं. तेव्हा एक मुलगा म्हणाला, "आगाय, ती पुलापर्यंत होती. मग तिने मागे वळून पाहिलं. मी म्हटलं तिला, गाण्यात नाही म्हटलंय. तरी ती वर गेली. आजी, आजी करत."

मी गाण्यात लिहिलं होतं, मागे वळू नका. जिची आजी खाटेवर आहे तिने काय करायचं, ते गाण्यात कुठे होतं?

खालच्या आळीतले पुरुष फावडी घेऊन गेले आहेत. वरच्या आळीत कोण घरात होतं, कोण नव्हतं, कुणी सांगू शकत नाही. ओरोझबायचाही पत्ता नाही. सकाळी त्याची गाडी वरच्या आळीकडे जाताना कुणीतरी पाहिली होती. मी निघालो तर सालीने मला धरलं. म्हणाला, "आगाय, तुम्ही पोरांत बसा. ती तुम्हाला बघून गप्प आहेत." तो कालच राजधानीहून परत आला, दारात तू नव्हतीस, पत्र शेजारणीकडे दिलं, असं म्हणतो.

मुलं खोलीत मधाच्या रिकाम्या पेट्यांवर बसली आहेत. गळ्यातली अक्षरं कुणी काढलेली नाहीत. मी कविता म्हणायला सांगितली तर त्यांनी ती सुरू केली आणि आपोआप थांबली. 'न' आणि 'ओ' यांच्यामध्ये त्यांनी एका पेटीची जागा रिकामी ठेवली आहे. मी सांगितलेलं नाही.

बुरुल, तू लहान असताना एकदा धुक्यात हरवली होतीस, आणि मी तुझं नाव न घेता अक्षरं ओरडत फिरलो होतो, कारण अक्षर ऐकलं की पुढचं म्हटल्यावाचून तुला राहवायचं नाही. मी 'क' म्हटलं, आणि दगडामागून तुझं पुढचं अक्षर आलं. आत्ता मी दारात उभा राहून 'न' म्हणतो आहे. मोठ्याने. पुन्हा पुन्हा. आणि थांबतो.

कुणीतरी दार

त्याच दिवशी, संध्याकाळ

मधेच लेखणी टाकून उठलो होतो. त्यानंतर तू फोनवर माझा आवाज ऐकलास, म्हणजे खरं तर रडणं ऐकलंस, आणि लाइन तुटली. तुला नुसतं ऐकू आलं, दिसलं काहीच नाही. म्हणून दारात काय होतं ते लिहितो.

आपल्याकडे दार कुणी ठोठावत नाही, अंगणातूनच हाक मारतात. हे दार कुणीतरी पायाने ठोठावत होतं. मला वाटलं, फावडीवाले सांगायला आलेत. मी कडीला हात लावला नाही, बुरुल. मला जमेना. बेकबोलने काढली.

दारात ओरोझबाय होता. मी ओळखलं नाही आधी, कमरेपर्यंत नुसता चिखल, टोपी नाही, तोंड उघडं टाकून श्वास घेत होता. त्याच्या पाठीवर बुबुसारा. दोन्ही हात त्याच्या गळ्यात, रुमाल घसरलेला, आणि त्या अवस्थेतही बोलत होती: "हळू, रेड्या, हळू. माझी दाढ वाजतेय." त्याच्या पट्ट्याला धरून, चिखलाने माखलेली, गळ्यात वाकलेला पुठ्ठा, उमसुनाय.

त्याने म्हातारीला पेटीवर उतरवलं आणि तिथेच जमिनीवर बसला. मग खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला, माझ्याकडे न बघता.

"घ्या. तुमची लेक. पहाटेपासून माझा जीव खातेय. 'पप्पांनी लिहिलंय झऱ्यात माती आली, वरची आळी आत्ताच्या आत्ता रिकामी कर, नाही केलीस तर मी तुझ्या दारात येऊन बसेन.' सगळ्यांना बाहेर काढलं, दुसऱ्या वाटेने लांब पाठवलं; शाळेची पोरं तुमच्या रुळावर पळतात, म्हणून शाळा शेवटी ठेवली. ही एक म्हातारी. म्हणे, पोरगी शाळेतून आल्याशिवाय हलणार नाही. हिच्याशी भांडत बसलो होतो तोवर रूळ वाजला, आणि ही म्हणते, आगायचा खेळ आहे, बस, चहा घे. मग ही चिमुरडी आली धावत, तशी म्हातारीला पाठीवर टाकून सुटलो, आणि चिखलातून वळसा घालत आत्ता पोचतोय."

मी फोन कानाला लावला. पुढचं तुला माहीत आहे.

तुला माहीत नाही ते एवढंच. मी बोलत होतो, किंवा बोलत नव्हतो, तेव्हा कुणीतरी माझी बाही ओढत होतं. बराच वेळ ओढत असणार. मी खाली पाहिलं. उमसुनाय आपल्या रिकाम्या पेटीवर बसली नव्हती. आजीचं बोट धरून उभी होती, आणि तिच्या कपाळाला ती आठी होती, धड्यात चूक सापडली की मुलांना पडते ती.

"आगाय, आजीला कुठल्या झाडाखाली उभं करू? तुम्ही तिला अक्षरच दिलं नव्हतं."